गवताचा भाव

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचे कळप आणि अफाट कुरणे बाळगणारे धनिक विधिमंडळांत जाऊन बसले व जमिनीचे कायदे आपल्या सोयीने वळवू लागले. ठाणे जिल्ह्यातील कुरणांचे राजकारण मात्र नेमक्या उलट्या टोकाने सुरू झाले. येथे गवताचा मालक नव्हे, तर ते कापणारा राजकारणात आला.

डहाणू-उंबरगावच्या माळांवरचे गवत पावसाळा सरला की मुंबईच्या जनावरांसाठी रवाना होई. ते विळ्याने कापणारा वारली बहुधा जमीनदाराचा वेठबिगार असे. लग्नासाठी कर्ज घेतले की 'लग्नगडी' म्हणून नवराबायको दोघेही सावकाराच्या दारी राबत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेत माह्या धांगडा यांच्यासारखे वारली आले. मे महिन्यात झरी येथील मेळाव्याने वेठ आणि लग्नगडी दोन्ही नाकारली. शामराव व गोदावरी परुळेकर हे या चळवळीचे पुढारी होते.

पुढची मागणी साधी होती : पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. स्वातंत्र्य, समाजवाद हे शब्द दूर राहिले. वारल्याला प्रथम कळला तो आपल्या श्रमाचा भाव, आणि तेच त्याचे राजकीय शिक्षण ठरले. ऑक्टोबरात गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी आवई उठवली गेली. तलवाड्यास हजारो वारली जमले आणि त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. संप मात्र मोडला नाही.

डोंगरावरचे जव्हार त्या वेळी मुकणे घराण्याचे संस्थान होते. बैलाच्या कातड्याइतकी जमीन मागून, त्या कातड्याच्या वाद्या कापून जायबाने राज्य मिळविले, अशी त्याची दंतकथा. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. १९६७ साली यशवंतराव मुकणे डहाणू मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. साखरशेतसारखी जव्हारची गावे याच मतदारसंघात होती. मतपेटी आली तरी राजा राजाच राहिला, असे तेव्हा कुणास वाटले असेल तर नवल नाही.

दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच डहाणूतून लोकसभेवर निवडून आले ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आदिवासी कार्यकर्ते लहानू शिडवा कोम.