अटलांटिस तीनदा बुडालं

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेत अटलांटिसचा शेवट तीनदा होतो, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं. 1967 साली एका माथेफिरू शास्त्रज्ञाच्या प्रयोगापायी समुद्र शहरात शिरतो. 1971 साली शिंगं असलेला एक परग्रहवासी सांगतो की ते काम त्याच्या जमातीनं केलं. 1972 साली क्रोनॉस नावाचा काळभक्षक ते प्रत्यक्ष पडद्यावर उद्ध्वस्त करतो. पहिल्या खेपेचे लेखक निराळे होते, म्हणून सोडून देऊ. पण नंतरच्या दोन्ही कथांत रॉबर्ट स्लोमन या एकाच लेखकाचा हात होता, निर्मातेही बॅरी लेट्सच होते. वर्षभरापूर्वी आपणच अटलांटिस बुडवलं होतं, हे दोघांनाही अडचणीचं वाटलेलं दिसत नाही.

मालिका पहिल्यांदा दिसली 23 नोव्हेंबर 1963 ला. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती. त्या गदारोळात पहिला भाग अनेकांचा हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला. दिग्दर्शक होते वारिस हुसेन, जन्म लखनौचा. नायक एक परग्रहवासी म्हातारा, नुसता ‘डॉक्टर’. त्याचं यान बाहेरून पोलिसांच्या टेलिफोनची निळी पेटी आणि आतून अफाट मोठं. ते काळातही फिरतं. 1989 च्या डिसेंबरात मालिका थांबली, 2005 च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाली. अवकाशयुद्धं आणि राक्षस यांच्याइतकीच माणसं तिच्यात आणखी एका गोष्टीसाठी गुंततात: मागच्या कथेत जे झालं त्याचा पुढच्या कथेशी मेळ कसा लागतो? चित्रीकरणाच्या भाषेत या मेळाला कंटिन्युइटी म्हणतात. या मालिकेत ती कुणी आखून ठेवलेली नाही. काय खरं धरायचं आणि काय नाही, याचा अधिकृत निवाडा बीबीसीनं कधी दिलेला नाही.

सुरुवातीला कंटिन्युइटी सांभाळायचं कारणच नव्हतं. भाग एकदा दाखवायचा आणि पुढं जायचं. पुन्हा दाखवायचा तर कलाकारांच्या करारांची अडचण, आणि व्हिडिओफीत महाग. म्हणून फिती पुसून दुसऱ्या कार्यक्रमांसाठी वापरल्या जात. ही पुसापुशी सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत चालली. साठच्या दशकातल्या 253 भागांपैकी शंभराच्या आसपास भागांचं चित्र आजही हाती नाही. गंमत म्हणजे आवाज मात्र एकूण एक भागाचा शिल्लक आहे. घराघरांतल्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला यात फारसं नवल वाटू नये. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्तानं गावोगावी नाटकं लागतात, ती दिवाळीपासून होळीपर्यंत. नाटक मंडळांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. रात्री दहाच्या सुमाराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि सकाळी मंडप उतरतो. मोबाइल येईपर्यंत मागं राहायची ती प्रॉम्प्टरच्या हातातली वही आणि बघणाऱ्यांची आठवण. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आठशे भूमिका आणि पाच हजार प्रयोग असे आकडे छापून आले. त्यातल्या कितीशा रात्री कुणाच्या फितीवर असतील? फरक एवढाच की झाडीपट्टीतलं नाटक त्या रात्रीपुरतं पूर्ण असतं. पहाटे खलनायक मेला की मेला. दुसऱ्या गावात तोच नट दुसऱ्या नावानं उभा राहिला तर कुणी जाब विचारत नाही. ‘डॉक्टर हू’मध्ये आजची कथा कालच्या कथेवर उभी राहते, आणि कालची कथा पुसलेली असते.

मालिकेचा सर्वांत मोठा सांधा अडचणीतूनच जुळला. 1966 मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळत होती. त्या वर्षीच्या 29 ऑक्टोबरच्या भागात म्हातारा डॉक्टर यानाच्या जमिनीवर कोसळला आणि उठला तो पॅट्रिक ट्राउटन यांच्या चेहऱ्यानं. हे नेमकं काय झालं, याचं धड स्पष्टीकरण तेव्हा कुणी दिलं नाही. ‘रीजनरेशन’ हा शब्द मालिकेत आला 1974 मध्ये. असे बारा बदल झाले की संपलं, हा नियम रॉबर्ट होम्स यांनी 1976 च्या एका कथेत घातला. बारा हा आकडा तेव्हा कुणाला भेडसावणारा नव्हता. 2013 च्या नाताळात तो खरोखर आडवा आला आणि लेखकांना डॉक्टरसाठी नवा हप्ता मंजूर करून घ्यावा लागला.

सत्तरच्या दशकात टेरन्स डिक्स पटकथा संपादक होते. त्यांच्या काळात आठवेल तेवढं पाळायचं, असाच एकंदर कारभार होता. पण स्मृती पक्की केली तीही त्यांनीच. 1973 पासून टार्गेट प्रकाशनानं जुन्या कथांच्या छोट्या कादंबऱ्या नेमानं काढल्या. त्यांतल्या साठाहून अधिक एकट्या डिक्स यांच्या. पुसलेले भाग एक अख्खी पिढी वाचूनच ‘पाहत’ होती. पुस्तकात सेटचा पुठ्ठा दिसत नाही, राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसत नाही. त्यामुळे त्या पिढीच्या डोक्यातली मालिका मूळ मालिकेपेक्षा भव्य होती, असं मला वाटतं.

हीच पोरं मोठी झाली आणि ऐंशीच्या दशकात त्यांचा आवाज निर्मात्यांच्या कानापर्यंत पोचला. इथून गाडी घसरली. 1985 च्या ‘अटॅक ऑफ द सायबरमेन’चं कथानक कळायला 1966 आणि 1967 च्या दोन कथा ठाऊक हव्यात. त्यांपैकी 1967 ची ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ तेव्हा बीबीसीच्या संग्रहातच नव्हती. ती सापडली थेट 1991 च्या अखेरीस, हाँगकाँगमध्ये. घरी बसलेल्या सामान्य प्रेक्षकानं काय आठवावं अशी अपेक्षा होती? सायबरमेन या यंत्रमानवांच्या ज्या थडग्यांचा एवढा दाखला दिला, त्यांचं रूपही नव्या सेटवर जुन्यासारखं नव्हतं. आठवण राखायची म्हणून कथा लिहिली की ना धड कथा होते, ना धड आठवण राहते.

ब्रिगेडिअरचा घोळ मात्र मला मनापासून आवडतो. लेथब्रिज-स्टुअर्ट हा डॉक्टरचा लष्करी मित्र. 1968 ची ‘द वेब ऑफ फिअर’ घडते 1935 नंतर चाळीसेक वर्षांनी, म्हणजे 1975 च्या पुढं. त्यानंतर चार वर्षांनी तो युनिट या पथकाचा प्रमुख म्हणून भेटतो. म्हणजे साल 1979 तरी हवं. 1975 च्या एका कथेत डॉक्टरची सोबतीण सारा आपण 1980 मधली असल्याचं सांगते, तेही जमतं. आणि 1983 मध्ये कळतं की ब्रिगेडिअर 1976 मध्येच निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवू लागला! आधी त्या कथेत शिक्षक म्हणून 1963 मधलं दुसरं पात्र आणायचं होतं. तो नट मिळाला नाही, ब्रिगेडिअरला बोलावलं आणि हिशेब कोसळला. चाहत्यांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकेफोड केली. 2008 मध्ये पटकथेनंच शरणागती पत्करली. आपण युनिटमध्ये काम केलं ते सत्तरच्या दशकात की ऐंशीच्या, हे आता खुद्द डॉक्टरलाच नक्की सांगता येत नाही.

‘स्टार ट्रेक’वाल्यांनी वेगळा मार्ग धरला. साठच्या दशकात त्या मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची कपाळं सपाट होती, 1979 च्या चित्रपटात त्यांवर उंचवटे आले. 1996 च्या एका भागात याबद्दल विचारल्यावर वॉर्फ नावाचा क्लिंगॉन एवढंच म्हणतो की हा विषय आम्ही परक्यांपाशी काढत नाही. विनोद चोख होता, तिथंच थांबायला हवं होतं. 2005 मध्ये दोन भाग खर्चून कपाळांचं शास्त्रीय कारण देण्यात आलं.

त्याच वर्षी रसेल टी. डेव्हिस यांनी ‘डॉक्टर हू’ परत आणली, तीही जुना हिशेब बाजूला सारून. मध्यंतरी एक काळयुद्ध झालं, डॉक्टरचा ग्रह आणि त्याचे लोक संपले, एवढीच बातमी दिली. जे माहीत नसेल ते युद्धात गेलं. कंटिन्युइटीवरचा याहून हुशार तोडगा मला ठाऊक नाही. नव्या प्रेक्षकाला काहीच पाठ करावं लागलं नाही, आणि जुन्याला दुःख करायला जागा मिळाली.

उलट 1976 च्या एका कथेतल्या मानसिक द्वंद्वात पडद्यावर झळकलेले आठ अनोळखी चेहरे 2020 मध्ये पुन्हा वर आले. ते मूळचे निर्मितीतल्या मंडळींचेच, वेश चढवून काढलेले फोटो. हार्टनेलच्या आधीही डॉक्टर होते की काय, अशी शंका त्यांनी तेव्हाच पेरली होती. मालिकेचे तेव्हाचे सूत्रधार ख्रिस चिबनॉल यांनी तिचं झाड केलं: डॉक्टरची अगणित जुनी आयुष्यं, सगळी त्याच्या स्मरणातून पुसलेली. चाहत्यांत दोन तट पडले. मला त्या उत्तरापेक्षा ते आठ चेहरे जास्त भावतात.

सुझनचं खातं मात्र अजून उघडं आहे. ती डॉक्टरची नात, अगदी पहिल्या भागापासूनची. 1964 च्या डिसेंबरात त्यानं तिला उद्ध्वस्त लंडनमध्ये तिच्या प्रियकरापाशी सोडलं आणि एक दिवस परत येईन असा शब्द दिला. 1983 च्या वर्धापन कथेत दोघं भेटली, पण ती दुसऱ्याच कुणाच्या डावात ओढली गेल्यामुळे. मे 2025 मध्ये अभिनेत्री कॅरोल अ‍ॅन फोर्ड पुन्हा पडद्यावर आल्या, त्या पंधराव्या डॉक्टरला झालेल्या भासात. दोनच आठवड्यांनी हंगाम संपला. डॉक्टरचा चेहरा बदलून बिली पायपर यांचा झाला, तोही त्या डॉक्टर आहेत की नाहीत हे श्रेयनामावलीत न सांगता. आणि सुझनकडे जायचं पुन्हा राहून गेलं.