कुले द सेराँ : सात हेक्टरांच्या मळ्याचे मोठेपण

फ्रान्सच्या पश्चिम भागात, आँजे शहराच्या नैऋत्येला लुआर नदीच्या उजव्या काठावर साव्हेन्यॅर हे गाव आहे. तिथला ‘कुले द सेराँ’ हा द्राक्षमळा जेमतेम सात हेक्टरांचा, म्हणजे सतरा-साडेसतरा एकरांचा. बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी इथे वेली लावल्या आणि तेव्हापासून या उतारावर द्राक्षच पिकते आहे. एवढ्याशा तुकड्याला फ्रेंच कायद्याने स्वतंत्र नाममान्यता दिली आहे आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो एकाच जोली कुटुंबाकडे आहे. खाद्यसमीक्षक क्युरनॉन्स्की यांनी फ्रान्समधल्या सर्वोत्तम पाच पांढऱ्या वाइन निवडल्या, त्यांत ही एक होती. या लौकिकाचे श्रेय सहसा तिथल्या मातीला, दगडाला आणि हवेला दिले जाते. फ्रेंच लोक या साऱ्याला मिळून ‘तेर्वार’ म्हणतात. माझ्या मते हे श्रेय जमिनीइतकेच तिथल्या माणसांनी घेतलेल्या निर्णयांचे आहे.

मळ्याची जमीन मुळात कंजूष आहे. मातीचा थर पातळ आणि त्याखाली पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा शिस्ट खडक. पाणी साचत नाही, वेल माजत नाही, मणी लहान राहतो आणि तापलेला दगड घडाला ऊब देतो. दगडाची चवच वाइनमध्ये उतरते असे बरेच रसिक मानतात, पण विज्ञान त्याला दुजोरा देत नाही. खडकाचे खरे काम निचऱ्याचे आणि उष्णतेचे. तरीही केवळ खडकाने उलगडा होत नाही, याचा पुरावा नदीपलीकडेच आहे. लेयाँच्या खोऱ्यातही बऱ्याच ठिकाणी शिस्टच आहे आणि द्राक्षही तेच, चेनिन ब्लाँ. आपल्या नाशिकच्या काळ्या जमिनीत पांढऱ्या वाइनसाठी लावतात तेच वाण. पण लेयाँमध्ये शरद ऋतूत सकाळी धुके दाटते, घडांवर बोट्रायटिस बुरशी धरते, साखर एकवटते आणि गोड वाइन होते. त्याहून बोलका पुरावा साव्हेन्यॅरचाच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथेही गोडसर वाइन सर्रास होत असे. उतार तोच राहिला, खडक तोच राहिला. माणसांनी दिशा बदलली आणि आज गोडवा नसलेली कोरडी वाइन हीच गावाची ओळख आहे.

निकोला जोली बँकेतली नोकरी सोडून १९७७ साली मळ्यावर परतले. सल्ल्यावरून त्यांनी तणनाशके वापरली. दोन वर्षांत मातीचा रंग बदलला आणि किडे-मुंग्या नाहीशा झाल्या, असे ते सांगतात. मग रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४च्या व्याख्यानांवर आधारलेली जैवगतिक शेती त्यांनी स्वीकारली आणि १९८४पर्यंत सगळा मळा तिच्याखाली आणला. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरणे, चंद्राच्या गतीनुसार कामे करणे, याला भक्कम शास्त्रीय आधार नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्या श्रद्धेसोबत जे आले ते डोळ्यांनी दिसते: तणनाशक बंद, चढावर घोड्याची नांगरट, आणि एकाच ओळीतून काही आठवडे पुन्हापुन्हा फिरून फक्त सोनेरी झालेले घड खुडणे. सगळी बाग एका दमात तोडली, तर कच्चे आणि पिकलेले घड एकाच पाटीत जातात. इतक्या फेऱ्या सात हेक्टरांत परवडतात. दुसरा आक्षेप चाहत्यांचाच आहे: या वाइनचा भरवसा नाही, एखादी बाटली हवा लागून मावळल्यासारखी लागते. पावसापाण्यामुळे वर्षागणिक चव बदलणे वेगळे आणि सदोष बाटली वेगळी. दोषाला ‘जमिनीचा गुण’ म्हणून पाठीशी घालणे मला पटत नाही.

आता मळा निकोला यांची कन्या व्हर्जिनी सांभाळतात. लुआरच्या काठचे उन्हाळे तापत चालले आहेत, तोडणी पूर्वीपेक्षा लवकर येते, मण्यात साखर जास्त भरते आणि त्यामुळे वाइनमधले अल्कोहोलही चढते. घड सोनेरी होईपर्यंत थांबण्याची वडिलांची रीत थंड वर्षांत शहाणपणाची होती. आंबटपणा टिकवायचा असेल तर तीच रीत तापलेल्या वर्षी कितपत पाळायची, हे या पिढीला दर हंगामात नव्याने ठरवावे लागणार आहे.