तीन खेळांची एक शर्यत आणि आपलं सिकलसेलचं कार्ड

पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावणारी मुलंमुली आता वर्धा जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक वस्तीत दिसतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. त्यातल्या काहींना आता ट्रायथलॉनचं वेड लागलं आहे. मोबाईलवर कुणाचं तरी मेडल पाहतात आणि शिबिरात येऊन विचारतात, "सिस्टर, हे आपल्याला जमंल का? अन् घरात सिकलसेल असलं तर?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं. या लेखात दोन्ही पाहू.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

एकाच दिवशी, मध्ये न थांबता, आधी पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचं. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात हौशी धावपटूंनी सुरू केला. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला. यातला सर्वात प्रसिद्ध आणि अवघड प्रकार म्हणजे आयर्नमॅन. त्यात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं असतं. नाव ऐकूनच माणूस घाबरतो. पण नवशिक्यांसाठी असते ती 'स्प्रिंट' ट्रायथलॉन:

पोहणं: ७५० मीटर. २५ मीटरच्या तलावात ३० वेळा या टोकाहून त्या टोकाला.
सायकल: २० किलोमीटर. वर्धा ते सेवाग्राम जाऊन-येऊन साधारण १६ किलोमीटर होतात, त्याहून थोडं जास्त.
धावणं: ५ किलोमीटर. ४०० मीटरच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या.

हौशी माणसाला याला दीड ते दोन तास लागतात. कसलेले खेळाडू किती वेगाने करतात? उत्तराखंडमध्ये २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ट्रायथलॉनमध्ये आपल्या महाराष्ट्राच्या डॉली पाटील हिने सुवर्ण आणि मानसी मोहिते हिने रौप्य पदक घेतलं. दोघींनी साधारण १ तास १० मिनिटांत शर्यत संपवली. विदर्भाचं नावही दमाच्या खेळांत मोठं आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या आत पूर्ण केली.

हौशी शर्यतीत कुणाला हरवायचं नसतं. ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची असते. पोहताना कोणत्याही पद्धतीने पोहता येतं. दम लागला तर सुरक्षेसाठी ठेवलेल्या होडीला किंवा दोरीला धरून थांबता येतं, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. धावताना मध्येच चालायला मनाई नाही. एक नियम मात्र कडक आहे. सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा लावलेला हवा. नाहीतर दंड बसतो किंवा बाद करतात.

पोहणं: आपल्या घरातलं राहून गेलेलं शिक्षण

सायकल आणि धावणं आपल्या पोरांना नवीन नाही. अडतं ते पोहण्यात. ज्या पाणवठ्याला आपल्या आज्या-पणज्यांना हात लावू दिला जात नव्हता, त्यात त्या पोहायला कुठून शिकणार? ज्या आईला पोहता येत नाही ती लेकरालाही पाण्यापासून लांबच ठेवते. म्हणून आपल्याकडे तरण्याताठ्या पोरांनाही पोहता येत नाही, आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी बुडाल्याची बातमी येते.

शर्यतीत उतरा की न उतरा, पोहणं शिकाच. पण शिकण्याची जागा नीट निवडा. शेतातली विहीर, धाम नदीचा डोह, बोर धरणाचं पाणी या नवशिक्यांच्या जागा नाहीत. तळ दिसत नाही, गाळ असतो, खोली एकदम वाढते. जीवरक्षक असलेला तलाव आणि शिकवणारा माणूस हवा. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. तलावात न थांबता ७५० मीटर जमायला लागल्यावरच, जाणत्या माणसासोबत, उघड्या पाण्यात सराव करायचा. बहिणींनो, अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. कपड्यांमुळे मागे राहू नका.

सिकलसेल: एएस आणि एसएस यांतला फरक

आता मुख्य गोष्ट. सिकलसेल विदर्भाला नवीन नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं होतं. आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात त्याचं प्रमाण जास्त आहे. हा आईवडिलांकडून रक्तातून येणारा गुण आहे. कुणाचं पाप नाही, शाप नाही, आणि स्पर्शाने पसरत नाही.

रक्तातल्या लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात. त्या गोल आणि लवचीक असतात, म्हणून बारीक नसांमधूनही सरकतात. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते आणि नसांमध्ये अडकते.

आई आणि वडील दोघांकडून हा गुण आला तर ती व्यक्ती 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. एएस हा आजार नाही आणि तो पुढे कधी एसएस होत नाही. एएस माणसाच्या रक्तात चांगलं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असतं, त्यामुळे रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही. पण भर उन्हात, अंगात पाणी कमी असताना, जिवाच्या आकांताने लागोपाठ धावलं तर एएस माणसाच्या पेशीही वाकड्या होऊ शकतात. मग स्नायूंना रक्त मिळत नाही, ते आतून फुटू लागतात. त्यातला मैला रक्तात येऊन मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

अमेरिकेत २००६ मध्ये १९ वर्षांचा एक कॉलेज खेळाडू लागोपाठ धावांच्या सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो एएस होता. त्यानंतर २०१० पासून तिथल्या मोठ्या कॉलेज स्पर्धांमध्ये खेळाडूंची सिकलसेल तपासणी सुरू झाली. तपासणी खेळातून काढून टाकण्यासाठी नव्हती, सराव कसा द्यायचा हे कळावं म्हणून होती.

अमेरिकेच्या लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एएस सैनिकांचं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. कारण तिथे पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम सगळ्यांनाच पाळावे लागतात. स्नायू फुटण्याचा धोका मात्र एएस सैनिकांना सुमारे दीडपट होता. त्याच अभ्यासात तंबाखूच्या सवयीनेही हा धोका जवळपास तेवढाच वाढलेला दिसला. खर्रा तोंडात ठेवून भरतीची तयारी करणाऱ्या भावांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

म्हणून सांगते: एएस कार्ड असलेल्यांना सायकल, पोहणं, धावणं, ट्रायथलॉन, सगळं करता येतं. नियम पाळून करायचं.

एसएस असलेल्यांनी मात्र अशा शर्यतीत उतरू नये. थंड पाणी, अतिश्रम आणि पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टींनी त्यांचं दुखणं उसळतं. हलकं चालणं, हळू व्यायाम त्यांनाही चांगला, पण डॉक्टरांना विचारून.

एएस असलेल्यांचे नियम (खरं तर सगळ्यांचेच)

१. सराव हळूहळू वाढवा. पहिल्याच आठवड्यात "दम काढायचा" प्रकार नको. जोरात धावण्याच्या फेऱ्या लागोपाठ मारू नका. प्रत्येक फेरीनंतर श्वास पूर्ण शांत होऊ द्या.
२. मार्च ते जून सराव सकाळी सातच्या आत संपवा. वर्ध्याचं ऊन ४५ अंशांवर जातं.
३. एएस माणसाची मूत्रपिंडं लघवी घट्ट करण्यात थोडी कमी पडतात, त्यामुळे पाणी जास्त जातं. तहान लागण्याची वाट न पाहता सरावात दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं प्या. मात्र एकदम लोटाभर पाणी ढोसणंही घातक आहे. लांब सरावात घरचं मीठ-साखरेचं पाणी घ्या: १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
४. ताप, जुलाब, खोकला असेल किंवा रात्रपाळी झाली असेल तर त्या दिवशी सुट्टी.
५. मांड्या, पोटऱ्या, कंबर यांत अचानक दुखू लागलं, पाय लुळे पडले, दम आवरेना झाला, तर तिथेच थांबा. "अजून एक फेरी" म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचं ऐकू नका.

साथीदारांनीही एक ओळख शिकून घ्या. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा कडक होतो, पोरगं ओरडतं. पेशी वाकड्या झाल्यावर स्नायू फार कडक लागत नाही, पण पायात जोर राहत नाही, पोरगं बोलता बोलता खाली बसतं. उन्हाचा झटका असेल तर अंग तापतं आणि माणूस असंबद्ध बोलतो. तिन्हींत सावलीत न्या, कपडे सैल करा. अंग तापलं असेल तर पाणी ओतून गार करा. पाय लुळे पडले असतील किंवा असंबद्ध बोलणं असेल तर १०८ वर फोन करा आणि तो एएस आहे हे डॉक्टरांना सांगा. सरावानंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर घरी थांबू नका. आणि दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोची गोळी आणून खाऊ नका. अशा वेळी ती मूत्रपिंडाला आणखी इजा करते.

सुरुवात कशी करायची?

आधी दोन तपासण्या: सिकलसेल आणि हिमोग्लोबिन. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे पुढच्या तपासणीत कळतं. त्यासाठी जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. आशाताईंना विचारा. हिमोग्लोबिन बहिणींनी विशेष पाहावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. १२ च्या खाली असेल तर आधी रक्त वाढवा, मग शर्यत. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

पोहता येत असेल तर तयारीला १२ आठवडे धरा. आठवड्यात दोन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणं, एक दिवस पूर्ण विश्रांती. पहिल्या महिन्यात १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं २० मिनिटं. सायकल ८-१० किलोमीटर. दुसऱ्या महिन्यात धावणं ३ किलोमीटर, सायकल १५. तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच १०-१५ मिनिटं धावा. पाय लाकडासारखे वाटतील. थोड्या वेळाने मोकळे होतात, याचीच सवय करायची. शेवटच्या आठवड्यात सराव निम्मा करा.

सायकल महागाची हवी असं नाही. घरातली साधी सायकल चालते, ब्रेक आणि टायर नीट असले म्हणजे झालं. खर्च करायचाच तर चांगल्या हेल्मेटवर आणि बुटांवर करा. प्रोटीन पावडरच्या डब्याची गरज नाही. भाकरी, वरण, अंडी, भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, केळी, हिरवी भाजी आणि त्यावर लिंबू पिळलेलं असलं की पुरतं. शर्यतीच्या सकाळी दोन तास आधी केळं किंवा पोहे खा. नवीन काही खाऊन पाहण्याचा तो दिवस नव्हे.

कार्ड लपवू नका

शिबिरांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. कार्ड पेटीत तळाशी असतं. भरती जाईल, मुलीचं लग्न मोडेल, या भीतीने. लग्नाबद्दल एवढंच सांगते की दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांचीही कार्डं पाहणं शहाणपणाचं आहे. आणि मैदानावर लपवलेलं कार्ड जिवावर बेतू शकतं. पोरगं कोसळल्यावर बाजूच्या मित्राला ठाऊकच नसतं, डॉक्टरांना सांगणार कोण?

या रविवारी घरातली कार्डं काढा. रंगावर जाऊ नका, त्यावर एएस लिहिलं आहे की एसएस ते वाचा. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांची नावं आशाताईंना द्या. पोरगं-पोरगी धावायला जात असेल तर तिच्या प्रशिक्षकाला आणि सोबत धावणाऱ्या दोघा-तिघांना सांगून ठेवा. वस्तीतली दहा-बारा मुलंमुली तयार असतील तर विहारात एक बैठक घ्या आणि प्रथमोपचार शिकवायला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा. पाण्याची बाटली आणि हेल्मेट त्याच दिवशी ठरवा. धावायला सोमवारी पहाटे निघा.