भाकीत आणि निर्णय

नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या राजवटीत उभी राहिली, पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. तिच्या ऱ्हासाची कारणे अनेक असतील. परंतु यंत्रमाग आणि कृत्रिम धागा काही एका रात्रीत अवतरले नव्हते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील मागांची खडखड कित्येक वर्षे ऐकू येत होती. कापडगिरण्यांच्या बाबतीत उणीव भाकिताची नव्हती. भाकीत निर्णयाशी जोडण्याची होती.

लातूरच्या डाळगिरण्यांनी हा धडा ध्यानात घ्यावा. हातांनी होणारी दाण्यांची निवड आता रंग ओळखणारे यंत्र करू शकते. 'नवे युग येत आहे' एवढेच सांगणारा अहवाल गिरणीमालकाच्या काय कामाचा? त्याचे प्रश्न रोकडे आहेत. कर्ज फिटण्यापूर्वीच यंत्र कालबाह्य होईल काय? तूर बुडालेल्या वर्षी हप्ता कोठून भरावा? निवडणीवरील बायांना कोणते काम द्यावे? ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे दुसरा प्रश्न काल्पनिक खचितच नव्हे.

अंदाज चुकणारच. म्हणून तारीख सांगणाऱ्या भाकितापेक्षा, कोणते चिन्ह दिसताच कोणता निर्णय बदलावा, हे सांगणारे भाकीत अधिक मोलाचे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि येथील महाविद्यालये यांनी स्थानिक उद्योजकांसमवेत दरवर्षी असा आढावा घ्यावा. गिरणी बंद पडल्यावर लिहिलेल्या अहवालाने कामगाराची चूल पेटत नाही.