दार लावले तरी ‘धडधड’ आत येतेच, ती का?



गेल्या वर्षी जयंतीच्या दिवशी आम्ही वस्तीतल्या एका घरी गेलो होतो. घर मिरवणुकीच्या रस्त्याला लागून. घरात ओली बाळंतीण, बारा दिवसांचे बाळ आणि अँजिओप्लास्टी झालेले आजोबा. आजीने खिडकीच्या फटीत जुने कपडे कोंबले होते. थोरल्या मुलाने कुणाच्या तरी सांगण्यावरून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. आजोबा म्हणाले, “ताई, गाण्याचे शब्द काही कळत नाहीत, पण ठोका मात्र थेट छातीत येतो.”

आजोबांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. शब्द भिंतीबाहेर अडतात, ठोका अडत नाही. असे का होते ते समजून घेऊ.

भिंत कुणाला अडवते?

आवाज म्हणजे हवेतला कंप. एका सेकंदात किती कंप होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. शिट्टीचा आवाज काही हजार हर्ट्झचा असतो. डीजेचा ‘बेस’ साधारण ४० ते १०० हर्ट्झचा. ५००० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी सुमारे ७ सेंटीमीटर, तर ५० हर्ट्झच्या लहरीची सुमारे ७ मीटर, म्हणजे आपल्या खोलीपेक्षाही लांब.

लहर भिंतीवर आदळते तेव्हा भिंतीला ढकलते. भिंत किंचित हलते आणि आतल्या हवेला हलवते. भरलेली हातगाडी आठवा. तिला भराभर चापट्या मारल्या तर ती जागची हलत नाही, पण सावकाश रेटा दिला की सरकते. बारीक आवाज म्हणजे चापट्या, बेस म्हणजे रेटा. भिंतीचे वजन दुप्पट केले तर साधारण ६ डेसिबल आवाज जास्त अडतो, आणि कंपसंख्या निम्मी झाली की तेवढाच कमी अडतो. ८०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर येईपर्यंत कंपसंख्या चार वेळा निम्मी होते. म्हणजे त्याच भिंतीची ताकद सुमारे २४ डेसिबलने घटते.

त्यात पत्रे आणि खिडकीची तावदाने स्वतःच थरथरू लागतात. शिवाय बंद खोलीत बेसचा जोर भिंतीलगत आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो. आपल्याकडे आजाऱ्याची खाट नेमकी कोपऱ्यातच असते!

ट्रे, फोम आणि खरा उपाय

अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम खोलीतला बारीक आवाजाचा घुमारा थोडा कमी करतात. बाहेरचा आवाज ते अडवत नाहीत, कारण त्यांना वजनच नाही. उलट ते लवकर पेट घेतात. घरात लावू नका.

खरा उपाय तीन गोष्टींचा : वजन, फटी बंद करणे आणि मध्ये पोकळी. मूळ भिंतीला न टेकणारी दुसरी जड भिंत, मध्ये ग्लासवूल, दुहेरी खिडकी, घट्ट बसणारे दार. छतालाही तेच करावे लागते. एक बाजू जरी कच्ची राहिली तरी आवाज तिथून येतो. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या घरात हे करणे कुणाला परवडणार? म्हणून बेसवरचा उपाय आपल्या भिंतीत नाही, तो स्पीकरच्या बटणात आहे.

शरीरावर काय होते?

८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालेल असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. मोठ्या आवाजाने नाडी आणि रक्तदाब वाढतो, झोप मोडते. हृदयरोगी, वृद्ध आणि तान्ह्या बाळांना याचा त्रास जास्त होतो.

आणखी एक गोष्ट. कायद्याची मोजणी कानाच्या संवेदनेनुसार असते. तीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून मीटरचा आकडा लहान दिसला तरी छातीतली धडधड खोटी ठरत नाही.

त्या दिवशी काय करावे?

- आजारी माणूस, बाळंतीण आणि बाळ यांना काही तासांसाठी मागच्या गल्लीतल्या नातेवाइकांकडे न्यावे.
- ते शक्य नसेल तर खाट भिंतीपासून व कोपऱ्यापासून दूर, खोलीच्या मध्याकडे घ्यावी.
- मोठ्यांनी फोमचे इअरप्लग नीट आत बसवून वापरावेत. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग नाही. बाळाच्या कानात काहीही घालू नये.
- छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे असे झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.
- कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते. तक्रारीसाठी ११२ क्रमांक आहे.

शेवटी आपल्याच घरचे

दुसऱ्यांच्या उत्सवातला डीजे आपल्याला खटकतो आणि आपला मात्र गोड लागतो, असे म्हणून चालणार नाही. अनेक ठिकाणी आपली मुले जयंतीला सलग १८ तास अभ्यास करतात. तोही जयंतीचाच थाट आहे. डीजेच हवा असेल तर निदान बेस उतरवा.

त्या दिवशी बाळ-बाळंतिणीला आणि आजोबांना आम्ही मागच्या गल्लीत पोहोचवले. पण दरवर्षी घरच्यांनीच घर का सोडावे? म्हणून यंदा समितीच्या बैठकीला आम्ही एक यादी घेऊन जाणार आहोत : मिरवणुकीच्या रस्त्यावर कोणत्या घरात बाळंतीण आहे, कुठे हृदयरोगी आहे, कुणाची परीक्षा आहे. त्या घरांसमोर आवाज बंद ठेवायचा, एवढीच मागणी. तुमच्या वस्तीची यादी तुम्ही करा.