बागेसह जुने घर विकणे आहे

विलायतेत जुन्या घरांच्या जाहिरातींत 'व्हिक्टोरियन' हा शब्द मोठ्या अभिमानाने छापतात. राणी व्हिक्टोरिया १८३७ च्या जूनमध्ये गादीवर आली आणि १९०१ च्या जानेवारीत निवर्तली. या काळात बांधलेले ते व्हिक्टोरियन घर, एवढाच त्याचा अर्थ. हाच हिशेब लावला तर आपल्या सुरतेच्या जुन्या शहराचा फार मोठा भाग व्हिक्टोरियन ठरतो. कारण राणी गादीवर येण्याच्या दोनच महिने आधी, १८३७ च्या एप्रिलमध्ये, मच्छलीपीठ भागात आग लागली आणि वाऱ्याने ती पसरत गेली. नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. त्याच पावसाळ्यात तापीला महापूर आला. ज्यांना शक्य होते त्यांनी मुंबईची वाट धरली. जे मागे राहिले त्यांनी राखेवर पुन्हा घरे उभारली. गोपीपुरा, नाणावट, सौदागरवाड या भागांत आज जी नक्षीदार खांबांची लाकडी घरे दिसतात, त्यांतील बहुतेकांचा जन्म त्या आगीनंतरचा आहे.

अशाच एका घरात माझे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले. नानपुऱ्यातील हे घर आमच्या वडिलांनी एका पारशी कुटुंबाकडून विकत घेतले. वडील जळगाव जिल्ह्यातून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. पुढे ओटा, त्याला लागून माझा दवाखाना, आत चौक, चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके, वर बिऱ्हाड आणि मागे बाग. हे घर आता विकावयाचे आहे. मुले दूरदेशी स्थिरावली आहेत, आम्हा दोघांच्या गुडघ्यांना लाकडी जिना मानवत नाही, आणि दवाखाना मी तीन वर्षांपूर्वीच बंद केला. आपल्या मंडळातील अनेक ज्येष्ठ सभासदांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न उभा राहणार आहे, म्हणून हा लेख.

या घराची खरी ओळख मला २००६ च्या ऑगस्टमधील पुरानंतर झाली. उकाईतून सोडलेले पाणी शहरभर पसरले, आमच्या दवाखान्यात ते छातीएवढे चढले आणि उतरले तेव्हा वीतभर गाळ ठेवून गेले. भिंतींचा गिलावा पोपडे होऊन पडू लागला. पहिल्या ठेकेदाराने सल्ला दिला की सगळे खरवडून सिमेंटचा गिलावा करा, वर ऑईलपेंट लावा, दहा वर्षे पाहावयास नको. दुसरा आला तो वयोवृद्ध मिस्त्री. त्याने भिंतीला हात लावला, खालच्या विटेचा तुकडा नखाने कुरतडून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ही चुन्यातली भिंत आहे. ही पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंट लावाल तर प्यालेले पाणी आतच राहील."

आम्हा वैद्यकीय मंडळींना हे पटावयास वेळ लागू नये. निचरा न करता जखमेचे तोंड बंद केले तर आत काय होते ते आपण जाणतोच. सिमेंटच्या कवचाआड ओल कोंडते, भिंतीतले क्षार पृष्ठभागाशी येऊन लोणा धरतो आणि वीट भुगा होऊ लागते. लाकडाचेही तसेच. या घरांचा भार भिंतीवर नसून सागवानी खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यावर आहे. विटा केवळ मधली जागा भरतात. खांबाचे पाऊल ओलीने कुजले वा वाळवीने खाल्ले तरी वरचा खांब खणखणीत असतो. मिस्त्रीने चार खांब टेकू देऊन उचलून धरले, कुजलेला भाग कापला आणि जुन्याच सागवानाचा तुकडा खाचेत बसवून सांधला. चुना महिनाभर भिजत ठेवला होता. काम दोन हिवाळे चालले. बाहेरून पाहणाऱ्याला एवढ्या खर्चाने काय झाले ते कळणार नाही, आणि माझ्या मते हेच त्या कामाचे यश आहे.

आता दोन मागण्या आलेल्या आहेत. पहिली एका बिल्डरची. त्याला घर नको, जमीन हवी. पहिल्याच भेटीत त्याने चौकात उभे राहून मोबाईलवर क्षेत्रफळाचा गुणाकार केला. दुसरी एका तरुण दांपत्याची. दोघेही आपल्याच व्यवसायातील. खाली दवाखाना आणि वर राहणे, ही पद्धत त्यांना हवी आहे. त्यांची रक्कम पहिल्याच्या जेमतेम दोनतृतीयांश. मुलाचे म्हणणे स्पष्ट आहे: भावनेची किंमत म्हातारपणी मोजू नका, आजारपण महाग झाले आहे. डॉक्टराच्या मुलाने हे सांगावे आणि डॉक्टराला ते खोडता येऊ नये, ही गंमतच.

मी वकिलांना विचारले की घर पाडू नये, बागेतील झाडे तोडू नयेत, अशी अट खरेदीखतात घालता येईल का? त्यांनी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे अकरावे कलम पुढे ठेवले. मालमत्ता पूर्णपणे दिल्यानंतर तिचा उपभोग कसा घ्यावा हे विकणाऱ्याने ठरवावयाचे नसते; तशी अट घातली तरी घेणारा ती नसल्यासारखे वागू शकतो. अपवाद एकच. विकणाऱ्याने शेजारचा तुकडा स्वतःकडे ठेवला असेल, तर त्या तुकड्याच्या उपयोगासाठी आवश्यक असे बंधन घालता येते. गंमत अशी की हा कायदाही व्हिक्टोरिया राणीच्याच काळातला!

याच्या नेमके उलट उदाहरण लंडनमध्ये घडले. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. पहिल्या खेपेस बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले होते; पुढे सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठविलेले पैसे आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. त्या काळातले हे बिऱ्हाड. प्रिमरोझ हिलजवळच्या इतर व्हिक्टोरियन घरांसारखेच ते एक चार मजली घर. ते विक्रीस निघाल्याचे तेथील आंबेडकरी मंडळींनी महाराष्ट्र शासनाच्या कानावर घातले आणि शासनाने सुमारे ३१ लाख पौंडांना २०१५ मध्ये ते विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले.

पण पुढे अडचण आली. राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे तर कॅम्डेन कौन्सिलची परवानगी हवी. शेजाऱ्यांपैकी काहींनी वर्दळीची तक्रार केली, आणि वस्तीतील एक राहते घर कमी होते या कारणावरून कौन्सिलने २०१८ मध्ये नकार दिला. चौकशी झाली, सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्याच्या निर्णयाने संग्रहालयास मान्यता मिळाली. म्हणजे तेथे मालक असलेल्या शासनालाही घराचा वापर बदलण्यासाठी झगडावे लागले, आणि येथे माझ्या चौकातले खांब उद्या भंगारात गेले तरी मला बोलता यावयाचे नाही. कॅम्डेनचा नकार मला चुकीचाच वाटतो. तरी घर ही शेजाऱ्यांचीही बाब असते, हा त्यामागचा विचार सुरतेने थोडा उसना घ्यावा.

आपल्याकडे सगळेच गेले असे मात्र नाही. आमलीरानमधील कवी नर्मदांचे 'सरस्वती मंदिर' महानगरपालिकेने दुरुस्त करून स्मारक म्हणून जतन केले आहे. १८५८ मध्ये नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय करणाऱ्या या माणसाने १८६६ मध्ये हे घर बांधले. मंडळाच्या सभासदांनी सहकुटुंब पाहून यावे. पण प्रत्येक घरात नर्मद राहिलेला नसतो, आणि प्रत्येक घर पालिकेने घ्यावे असे म्हणणेही वाजवी नाही. आमच्या घरात कोणी थोर राहिले नाही. गोवर, गालगुंड, मलेरिया यांचे रुग्ण मात्र ओट्यावर पुष्कळ बसून गेले.

राहिली बाग. पारिजातक, अडुळसा, एक लिंबू, गुळवेल आणि पारशी मंडळींनी लावलेले डाळिंब. सुरतेत बागेचा विषय निघाला की मला कतारगाम दरवाजाकडील डच कबरस्तान आठवते. तेथे घुमटाखाली हेन्ड्रिक व्हान रीड विसावला आहे. १६९१ मध्ये तो वारला. मलबारच्या ७४२ वनस्पतींची माहिती देणारा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करविला. त्यासाठी केरळातील वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही झटले, आणि त्यांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. तो खंड १६७८ चा. आपल्यापैकी किती डॉक्टरांनी ही कबर पाहिली आहे, हे पुढच्या स्नेहमेळाव्यात विचारावयास हरकत नाही.

आम्ही उभयतांनी महिनाभर आकडेमोड केली. सौभाग्यवतीने आमच्या विम्याचे हप्ते, औषधे आणि एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च एका वहीत मांडला, त्यात व्याज धरले, आणि लहान रक्कमही पुरते असा निष्कर्ष काढला. चैन पुरत नाही. बिल्डरला नकार कळविला आहे. वकिलांच्या सल्ल्याने बागेचा मागचा पट्टा आम्ही आमच्याकडेच ठेवीत आहोत. त्या पट्ट्याला ऊन आणि वारा मिळत राहावा, इतपत उंचीचे बंधन खतात लिहिले जाईल. पट्ट्याला मागच्या गल्लीतून वेगळे दार आहे. त्या तरुण डॉक्टरबाई परवा येऊन गेल्या. त्यांनी टाक्याचे झाकण उघडावयास लावले, आत विजेरीचा झोत टाकला आणि हे पाणी वापरात आहे का, असे विचारले. पुरात गाळ गेल्यापासून ते आम्ही धुण्यासाठीच वापरतो, असे सांगितले. विसार देण्यापूर्वी टाके उपसून तळ पाहावयाचा आहे, अशी त्यांची एकमेव अट आहे. तो मिस्त्री आता काम करीत नाही, पण त्याचा नातू येत्या रविवारी माणसे घेऊन येणार आहे.