वर्ण : अक्षराचा, सोन्याचा आणि अव्यक्ताचा

पूर्वीच्या आदिलाबाद व २०१६ पासूनच्या निर्मल जिल्ह्यातील बासर येथे, गोदातीरी, सरस्वतीपुढे मुलांचा अक्षराभ्यास होतो. धर्माबाद-नांदेडकडील मराठी कुटुंबेही त्यासाठी तेथे जातात. मूल तेथे गिरविते तो वर्ण. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत (सिद्धान्तशिरोमणी, इ. स. ११५०) हाच शब्द आणखी दोन अर्थांनी येतो. ‘लीलावती’त वर्ण म्हणजे सोन्याचा कस; सोळा वर्णांचे सोने शुद्ध. (आपले ‘बावनकशी’ याच कुळातले.) ‘बीजगणिता’त कालक, नीलक, पीतक हे रंग अव्यक्त राशींची नावे होतात, म्हणून अनेक अव्यक्तांचे ते अनेकवर्ण समीकरण.

मिश्रणाच्या उदाहरणात हे दोन्ही अर्थ भेटतात. सोळा व दहा वर्णांची सोनी आटवून बारा वर्णांचे अठरा तोळे सोने झाले. प्रत्येकी किती घेतले? पहिले क्ष तोळे व दुसरे य तोळे मानू. वजनांची बेरीज होते :

क्ष + य = १८

वर्णांची मात्र होत नाही. विद्यार्थी नेमके येथेच चुकतात. टिकते ते वजन व वर्ण यांच्या गुणाकारात दडलेले शुद्ध सोने :

१६क्ष + १०य = १८ × १२ = २१६

पहिल्या समीकरणाची दहापट, १८०, दुसऱ्यातून वजा केली की ६क्ष = ३६ उरते. क्ष ६ तोळे, य १२ तोळे. भास्कराचार्यांची रीत याहून आखूड आहे : बारातून दहा वजा जाता दोन, सोळातून बारा वजा जाता चार, म्हणून प्रमाण दोनास चार.

ताईच्या लग्नात आमच्या घरी दोन कसांचे सोने आटविले, तेव्हा मी शाळकरी ऐटीत सोळा आणि दहा यांची सरासरी तेरा सांगितली. आईने फक्त विचारले, “दोन्ही सारखीच होती का रे?” ती शाळेत गेलेली नव्हती. माझ्या तेरावर विसंबून कोणी दाम मोजले असते, तर दर तोळ्यामागे एका वर्णाचा तोटा त्याच्या पदरी पडता.

मुशीत हीण जळून वजन घटले तर काय? मग पहिले समीकरण मोडते, दुसऱ्याची डावी बाजू तशीच राहते. अठरा तोळ्यांचे सोळा उरले, तर त्याच २१६ ला सोळाने भागावयाचे. कस साडेतेरा भरतो.